छातीतलं बिऱ्हाड

३ जून
आले एकदाची! ताईच्या घराची वरची खोली मला. पलंग जरा कुरकुरतो, पण ताईने माझ्यासाठी नवे पडदे शिवलेत. ट्रंक वर चढवताना भावजींनी विचारलं, हिच्यात दगड भरलेत की काय! कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. उद्यापासून इस्पितळाच्या धुलाई विभागात कामाला जायचं. चादरींच्या घड्या घालायच्या, बस. डोक्याला ताप नाही.

७ जून
काम जमतंय. पण आज गठ्ठ्यातून बदकांची छोटी चादर निघाली, मुलांच्या वॉर्डातली, आणि मी तिथेच फतकल मारून रडत बसले. माझी छकुली जाऊन आठ महिने झाले. मुकादम बाईंनी पाणी दिलं आणि इस्पितळातल्याच समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, दुःख अंगावर आलं की पळायचं नाही. डोळे मिटायचे, छातीवर हात ठेवायचा, ते कुठे बसलंय ते बघायचं. त्याला विचारायचं, तुला काय हवंय? मग नुसतं ऐकायचं.

११ जून
जमलं! डावीकडे, बरगड्यांखाली, ओल्या चादरीच्या पिळ्यासारखं काहीतरी होतं. विचारलं, काय हवंय? अगदी स्पष्ट उत्तर आलं: तो दिवस दे. म्हटलं, घे बाई. पिळा सैल झाला. दुपारी पोटभर जेवले. ते पाहून ताईलाच रडू फुटलं.

१५ जून
ताईने छकुलीच्या शेवटच्या दिवसाचा विषय काढला. मला काही म्हणजे काही आठवेना. डॉक्टर काय म्हणाले, मी कुठे उभी होते, सगळं कोरं. समुपदेशक बाई म्हणाल्या, मन स्वतःला जपतं, घाबरू नका. मी कुठे घाबरले? बरंच वाटत होतं.

१८ जून
आता न विचारताच बोलतं. बिऱ्हाडच थाटलंय. आज त्याने छकुलीचं हसणं मागितलं. मी नाही म्हटलं. तर आतून असं पिळायला लागलं की श्वास घेता येईना, मशीनपाशीच कोसळले. शेवटी — दिलं.

१९ जून
ताईच्या मोबाईलमध्ये छकुलीचा व्हिडिओ आहे. पाहिला. तोंड उघडून हसतेय. मला आवाज येत नाही.
ताईला येतो.

२१ जून
छातीवर हात ठेवतच नाही. रेडिओ मोठ्याने लावते. तरी ऐकू येतंच. बाईंना विचारलं, हे ऐकणं बंद कसं करायचं? त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, असं आजवर कुणी विचारलं नाही.

२३ जून
चेहरा मागतंय. नाही देणार. नाही —
आई गं —

२४ जून
सकाळी ताई माझे हात धरून कुठल्याशा मुलीबद्दल बोलत राहिली. मी मान डोलावली. बिचारीचं कुणीतरी गेलंय वाटतं. छातीत अगदी हलकं.
मग माझ्या डोळ्यांना धार का —
पुन्हा बोलतंय. पोट भरलं नाही म्हणे. ही समोर बसून रडतेय ना, ती दे —
नाही. ही नाही. ही माझी — माझी थोरली — हिला मी काय म्हणून हाक