आठ फुटी बढती

गिंबाल, ३ ऑगस्ट २०१४

चि. लिगाया हिस ताईचे आशीर्वाद, आईचे त्याहून थोडे जास्त.

शाळा सोडून तू शिक्षण विभागाच्या कचेरीत समुपदेशन प्रमुख होणार, हे कानावर येताच मी तुझा अभिनंदनाचा फलक छापून चर्चसमोर टांगलासुद्धा. आठ फुटी! समुपदेशकाचं लायसन्स मिळालं तेव्हा चारच फुटी होता. फोटोत नाक पसरलंय, पण ते घराण्याचंच आहे. येत्या रविवारी डुक्कर भाजायचं, फादरना आमंत्रण गेलं. शेजारीण पुरा विचारत होती, की लिगाया नक्की काय करते? मी म्हटलं, पोरांचं ऐकून घेते. तर म्हणते कशी, अगं बाई, त्याचा पगार मिळतो?

आमची लेक अमिहान मात्र तोंडाला कुलूप लावून बसलीय. चौदा वर्षांची घोडी, शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून पडते. चापट मारून झाली, नवस बोलून झाला. एवढी साहेबीण होतेयस, तर एखादं औषध सांग.

लोभ आहेच, तो फलकापुरता ठेवू नकोस.

तुझी ताई,
रेमेडिओस

इलोइलो, ९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

फलक उतरव. मी बढतीला नकार कळवला.

ओरडण्याआधी माझी प्रगती ऐक. नुसती शिक्षिका होते तेव्हा पोरं मधल्या सुट्टीत येऊन मनातलं बोलायची. एम.ए. झाले, तर फाटकावर मुलींच्या झग्यांची लांबी बघायला उभं केलं. लायसन्स मिळालं, तर शाळेच्या सौंदर्यस्पर्धेचं निवेदन गळ्यात पडलं. मग ते लायसन्स टिकवायला चर्चासत्रं. ऐकण्याच्या कलेवर एक गृहस्थ दिवसभर बोलले, कुणाला चकार शब्द काढू दिला नाही. आता ही कचेरी, जिथे पोर औषधालाही नाही. आमच्या धंद्यात वर चढायचं ते पोरांपासून लांब जायला.

एक मुलगी जूनपासून दर शुक्रवारी माझ्या खोलीत येते, गप्प बसते, जाते. काल पहिल्यांदा बोलली, आणि उरलेलं पुढच्या शुक्रवारी सांगते म्हणाली. मी हो म्हणून बसले. आता कुठल्या तोंडाने जाऊ?

अमिहानला मारू नकोस. शेजारी बस आणि गप्प राहा. तुला हेच जड जाईल.

रागावलीस तरी लोभ कमी करू नये.

तुझी,
लिगाया

गिंबाल, १७ ऑगस्ट

चि. लिगाया हिस या खेपेला दात-ओठ खाऊन आशीर्वाद.

घराण्याचं ते पसरलेलं नाक कापलंस! तुझं पत्र सोमवारी आलं, तोवर गाव डुक्कर खाऊन ढेकर देऊन मोकळं झालं होतं. फलक आता डुकरांच्या गोठ्यावर छप्पर म्हणून घातलाय, तोंड खाली करून. उरलेल्या डुकरांवर तुझी नजर आहे, पण तीही तुझं ऐकत नाहीत.

तू सांगितलंस तशी रोज संध्याकाळी अमिहानजवळ बसले. जीभ चावून चावून सुजली. काल तिनेच विचारलं, की मावशी त्या कचेरीत गेली का? मी म्हटलं, कसली जाते, मूर्ख आहे, शाळेतल्या त्याच खोलीत बसलीय. तशी ताडकन उठली आणि पिशवी भरायला लागली. काय झालंय विचारलं, तर म्हणाली, मावशीलाच सांगेन.

तिला शनिवारच्या जीपनी गाडीने पाठवते. ती हो म्हणेपर्यंत मलाही काही सांगू नकोस. लिगाया, मला फार भीती वाटतेय गं. तू मोठी झाली नाहीस याचं जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं.

लोभ वाढव अगर न वाढव, ती खोली सोडू नकोस.

ताई