परवलीचं पडवळ

चाकण, ७ एप्रिल २०२५

चि. स्वरूपास,
अनेक आशीर्वाद. निगडीत सगळे मजेत असालच, आई तुझ्याकडे आहे ना!

पत्र अशासाठी, की आईला मेसेज केला तर तो आधी तूच वाचणार. काल मी तिच्या फोनमधले लग्नाचे फोटो मागितले, तर तिनं तुला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं आणि माझ्यादेखत फोन तुला उघडायला दिला. पासवर्ड विचारला, तर तुम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. थोरली मी, आणि विश्वास तुझ्यावर! तू बँकेत कॉम्प्युटरची सुरक्षा बघतेस आणि मी कंपनीत नटबोल्ट तपासते, म्हणून का?

जळते मी. व्हय, जळतेच. अक्षय तृतीयेला आईला माझ्याकडे आणायचं ठरलंय, पण तो शब्द मला कळल्याशिवाय मी यायची न्हाई.

आईला नमस्कार, तोही तूच उघडून दाखव. लोभ माझा आहेच, तुझा किती ते तू बघ.
तुझी दीपमालाताई

निगडी, १४ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र वाचून आई रडली. सांगून टाक म्हणाली.

तिचा फोन मराठीत आहे. त्यावर आलं, ‘परवलीचा शब्द टाका’. चष्म्याविना तिनं वाचलं ‘पडवळीचा’. मी शहाणपणा केला, की हे परवल म्हणे इंग्रजी ‘परोल’वरून आलंय, पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगायचा खुणेचा शब्द; आणि फ्रेंचांकडे परोल म्हणजे मुळात दिलेला शब्द. तिनं अर्धं ऐकलं आणि टाकलं ‘पडवळ’. शाळेत तू ताडमाड वाढलीस तेव्हा तुला हेच म्हणायची ना? तू ताटावरून उठायचीस. आताही चिडशील म्हणून माझ्याकडून गुप्ततेचं वचन घेतलं.

आणि जळतेस तू? तिचा फोन उघडताना दर वेळी मी तुझं नाव लिहिते. माझं लाडाचं नाव तिनं कधी ठेवलंच नाही गं.

दुसऱ्या कुणाला कळलेला पासवर्ड बदलावा, असा आमच्या बँकेत नियम आहे. तू येण्याआधी बदलून टाकते. मलाही बरं वाटेल.

राग सोडावा, लोभ ठेवावा.
तुझी स्वरूपा

चाकण, २१ एप्रिल २०२५

चि. स्वरूपास,
आशीर्वाद. पत्र कंपनीच्या बसमध्ये वाचलं. माझे डोळे बघून शेजारणीला वाटलं, कुणी गेलं की काय. अक्षय तृतीयेला येतेय. आईला म्हणावं, बॅग भरून ठेव. तुझ्यासाठीही एक नाव शोधते, चांगलं झोंबेल असं.

पण तो शब्द बदललास तर खबरदार!

लोभ वाढव, नियम राहू दे.
तुझी,
पडवळ