अर्धी राहिलेली मेणबत्ती

प्रिय स्मिलियाना,

खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर तू गप्प राहिलीस की मी वैतागतो, आणि मी वैतागलो की तू ठेवून देतेस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील. अक्षराला हसू नकोस. परवा इस्पितळातून घरी आलो. घाबरण्यासारखं आता काही नाही, फक्त फार थकलोय. चूल पेटवायची म्हटली तरी आधी खुर्चीत बसून मनाची तयारी करावी लागते.

पित्तनलिकेत खडे अडकले होते. ऑगस्टपासून उजव्या बरगडीखाली कळ यायची. मी तो दोष भाजलेल्या मिरच्यांवर ढकलला आणि मिरच्या खातच राहिलो. पुढे लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली. शेजारची ल्युबिंका कुंपणावरून म्हणाली, "देसिमिर, भोपळ्यासारखा पिवळा झालायस. डॉक्टरकडे जातोस, की मीच पोत्यात घालून नेऊ?" मी म्हटलं, मित्रोव्दान पार पडू दे. आपल्या घराण्याच्या संताचा दिवस आणि घरात कर्ता मी एकटा. मी इस्पितळात निजलो तर मेणबत्ती कोण लावणार? तुझी आई असती तर कान धरून घेऊन गेली असती.

त्या दिवशी सकाळपासूनच हुडहुडी भरली होती. यजमानानं बसायचं नसतं, तुला ठाऊकच आहे. मी उभ्यानं सगळ्यांना वाढलं, घरी गाळलेल्या रकियाचे पेले भरले, प्रत्येकाच्या तब्येतीची चौकशी केली. माझी कुणी केली नाही. तोंड पिवळं दिसतंय ते मेणबत्तीच्या उजेडानं, असं म्हणून सगळे पुन्हा डुकराच्या मांसाकडे वळले. चारच्या सुमाराला हातातून पेला सुटला आणि पाठोपाठ मीही पडलो.

इस्पितळातली डॉक्टरीण तुझ्याच वयाची. खूप चिडली. "काका, ताप, कावीळ आणि कळ घेऊन तुम्ही लोकांना वाढत होतात? आणखी एक दिवस थांबला असतात तर ते सगळे तुमच्याच मयताला जेवले असते." दोन दिवस सलाईनमधून औषधं दिली. मग घशात कडू फवारा मारला, दातांत एक कडं बसवलं, पालथं निजवलं आणि झोपेचं इंजेक्शन दिलं. तोंडातून नळी घालून जठराच्याही पुढे नेली, नलिकेचं तोंड जरासं कापलं आणि फुग्यानं ओढून तीन खडे आतड्यात पाडले. पोटावर ओरखडासुद्धा नाही. जागा झाल्यावर मी खडे मागितले. ल्युबिंकाच्या नवऱ्याचे फडताळात बरणीत ठेवलेत ना, तसे मलाही दाखवायला हवे होते. डॉक्टरीण म्हणाली, "ते आपल्या वाटेनं बाहेर पडतील, काका. हवेच असतील तर तुमचे तुम्ही शोधा."

चौथा मात्र मोठा होता, तो निघाला नाही. पित्त त्याच्या बाजूनं वाहत राहावं म्हणून तिथे प्लास्टिकची बारीक नळी ठेवली आहे. अकरा फेब्रुवारीला ती काढून खडा फोडणार. टाळाटाळ केली तर नळीच तुंबेल आणि पुढच्या वेळी मी वाचेनच असं नाही, असं तिनं तोंडावर सांगितलं.

अर्ज भरताना नर्सनं विचारलं, जवळचं कोण? कुणी नाही, असं जिभेवर आलं होतं. मी तुझं नाव सांगितलं. "मुलगी एकच का? मग सगळं तिचंच की," असं म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली. मी मात्र तिथेच अडकलो. आई गेल्यानंतरचं पहिलं मित्रोव्दान. पूजेची पोळी माझ्याबरोबर फिरवायला तू हात पुढे केलास, आणि सगळ्यांदेखत मी म्हटलं, "पोरी, हे मुलग्यांचं काम. तुझं घर आता ऑस्ट्रियात, ग्राझला." तू हात मागे घेतलास आणि एप्रनला पुसलास. त्याला चार वर्षं झाली. मी चुकलो, स्मिलियाना. त्याच दिवशी कळलं होतं, पण कबूल करायला जीभ वळली नाही.

घरी येऊन पाहतो तर मेणबत्ती गव्हाच्या ताटात तशीच, अर्धी. मला स्ट्रेचरवरून बाहेर काढताना दारातून वारा आला आणि ती विझली. घरातल्या माणसानं लाल वाइनचे थेंब टाकून विझवायची असते, तशी ती विझवली गेलीच नाही. म्हणून ल्युबिंकानं तिला हातही लावला नाही. "मी परकी, मी कशाला शिवू?" म्हणाली. घरातलं माणूस यायची वाट पाहत ती मेणबत्ती तिथेच आहे, आणि ते माणूस मी नव्हे.

पाद्र्याला सांगून ठेवलंय, घराण्याच्या संताचा दिवस आता तुझ्याकडे देतोय. त्यानं भुवया चढवल्या, "मुलीला?" मी म्हटलं, मग काय ल्युबिंकाला देऊ? फेब्रुवारीत दोन दिवस आधी ये. ती अर्धी मेणबत्ती लाव. पोळीवर क्रूस कसा कापायचा, वाइन कशी ओतायची, ते सगळं दाखवतो. नळीचं काय व्हायचं ते होवो, हे काम त्याआधी व्हायला हवं. त्या दिवशी यजमान तू. तू उभी राहा, मी बसतो.

तुझाच,
थकलेला बाबा