बदकांची मोठी प्लेट

प्रिय धाकट्या,

नऊ वर्षांनी घरी काही पाठवलंस, तर काय पाठवलंस? प्लेटा टांगायचे तारेचे आकडे. आणि सोबत वहीचा कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला. आई शेवटी काय म्हणाली हे विचारायला तुला एक ओळ सुचली नाही, पण खिळा ठोकायच्या आधी भिंत बोटानं वाजवून बघ, हे लिहायला सुचली. मी चौथीतून शाळा सोडलेली बाई. तुझं ते मुंगीएवढं अक्षर लावता लावता दोन दुपारी गेल्या, सहा शर्टांची काजं तशीच पडलीत.

आई गेल्यावर मी तिच्या प्लेटा पेटीतून काढल्या, हे तुला माझ्या लेकीनंच सांगितलं असणार. तिच्या पोटात काही राहत नाही. माझ्यावर गेली नाही ती.

आता तू मला शिकवतोस. आकडा प्लेटेपेक्षा थोडा लहान घे, पण फार ताणू नकोस, एक दिवस कड तडकेल. आकड्यांच्या टोकांना रबर चढव. प्लेट वजनदार असली तर खिळे दोन. टांगल्यावर खालून हळूच ओढून बघ. आणि काही झालं तरी ज्या भिंतीखाली माणूस बसतो तिथं लावू नकोस. आईच्या प्लेटा टांगल्यास तेव्हाही हे सगळं तू असंच केलं होतंस, शेवटचं सोडून. तिथंच लाव म्हणून आईच हटून बसली होती. कारखान्यात तिनं जन्मभर दुसऱ्यांच्या प्लेटा रंगवल्या, घरी आल्या त्या नापास झालेल्या पाच. मोठीवरच्या एका बदकाची मान वाकडी झाली होती. ते तुझ्यावर गेलंय, असं ती म्हणायची, आणि तू तोंड फुगवायचास.

ती खोली तू त्या दिवसानंतर पाहिली नाहीस. चार प्लेटा मी त्याच संध्याकाळी उतरवल्या. भिंतीवर पाच पांढरे गोल राहिले, बाकी भिंत धुरकट. आईनं नऊ वर्षं रंग लावू दिला नाही. उजवा अंगठा वळत नव्हता, ब्रश धरता येत नव्हता, तरी ती रोज रंगांचा डबा मांडीवर घेऊन त्या भिंतीसमोर बसायची. डबा उघडायची नाही. मी मशीनवर असायचे, तिची पाठ मला दिसायची. मागं वळून काही बोलेल म्हणून मी मशीन थांबवायचे, आणि ती बोलली नाही की जोरात चालवायचे. अजूनही मशीनमध्ये दोरा तुटला की माझी मान आपोआप वर जाते. खुर्ची रिकामी आहे, गोल मात्र माझ्याकडे बघत असतात.

तू म्हणशील, ही बाई बडबडते काय. मला आडून बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, आणि आज तेच करतेय. तर ऐक.

त्या दिवशी सकाळी मी पाचही प्लेटा धुवायला काढल्या होत्या. चार नीट लावल्या. मोठीचा आकडा ओल्या हातातून दोनदा सटकला, दारात गिऱ्हाईक खोळंबलेलं. मी आकडा ठेवला बाजूला आणि शिलाईच्या निळ्या दोऱ्याचे चार पदर करून प्लेट बांधली. म्हटलं, संध्याकाळी करू नीट. दोरा मला कळतो, अशी माझी घमेंड. पण प्लेटेच्या मागच्या कडेला झिलई नसते, ती खरखरीत असते, कानशीसारखी. दुपारपर्यंत तिनं दोरा कापला. आई खाली बसून रंगवत होती, प्लेट तिच्या उजव्या हातावर आली.

तू आईला उचलून धावलास, वर बघितलंसुद्धा नाहीस. दवाखान्यात चार माणसांत मी ओरडले, तुझ्या खिळ्यानं आईचा हात घेतला. तू नुसता स्वतःच्या हातांकडे बघत राहिलास आणि तिथूनच गेलास. संध्याकाळी घरी आले तर मोठीचे तुझे दोन्ही खिळे भिंतीत ताठ. मी त्यांच्यावर कॅलेंडर अडकवलं. नऊ कॅलेंडरं बदलली. खिळे एकदाही हलले नाहीत.

गेल्या आठवड्यात आईचा डबा उघडला. ब्रशांच्या खाली कागदाची पुडी, आत निळ्या दोऱ्याचा तुकडा, चार पदरी, टोकं कुरतडलेली. डाव्या हातानं तिनं तो कधी वेचला, देव जाणे. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोलेन म्हणून वाट बघत बसली होती ती, आणि मी मशीन चालवत राहिले.

हे मी कदाचित अजूनही लिहिलं नसतं. पण तुझ्या कागदाच्या शेवटी ओळ आहे, माझ्यासारखी चूक करू नकोस. ती काही केल्या गिळता येईना. चूक तुझी नव्हती, धाकट्या. माझी होती. दोरा या पाकिटात घातलाय. रविवारी रंगारी येतोय, तो खिळे उपटून भोकं बुजवील. त्याआधी ये, तुझ्या हातानं ओढून बघ. मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. येणार की नाही, शनिवारपर्यंत मला कळव.

तुझीच, तू म्हणशील तर,
ताई