समईखालची चकती

नाशिक, ६ जानेवारी २०२५

चि. सुमेधा हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे थंडी चांगली आहे, गुडघे वाईट आहेत. तुझी आई जाऊन अकरा महिने होतील. पूजा आता मीच करतो आणि ती वाईट करतो, असं शेजारच्या वासंतीबाईंचं मत आहे. मे महिन्यात तुमच्याकडे येण्याचं तिकीट काढलं आहे.

एक काम आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक अंकाचा विषय ‘युरोप’ ठरला. कोणी काय लिहायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या. वासंतीबाईंना चर्च आली. मला आलं ‘युरोपातील पाहण्याजोगे वाइन बार’. तीस वर्षं व्यसनमुक्तीवर व्याख्यानं देणाऱ्या मुख्याध्यापकाला! सगळे हसले. मी म्हणालो, चिठ्ठी ती चिठ्ठी.

तुला यातलं काही ठाऊक नसणार. इंटरनेटवर पाहून पाच-सहा शहरांतली माहिती लिहून पाठव. फोन करू नकोस. फोनवर नातू मध्येच डच बोलतो आणि मी नुसतं ‘हो हो’ म्हणत बसतो.

अंबरीशराव आणि अथर्व यांना आशीर्वाद. उत्तर हाताने लिहिलेलंच हवं, अक्षरावरून माणूस कळतो.

तुझे बाबा


लायडन, २६ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आम्ही मजेत आहोत. अंबरीश परवा सायकलवरून लॅबला जाताना पुलावरच्या बर्फात घसरला. लागलं नाही, पण अथर्व तीन दिवस हसतो आहे. तो आता पंधराचा झाला. आपण मराठीत बोललो की त्याला सगळं कळतं, फक्त उत्तर आपल्याला कळेल अशा भाषेत देत नाही.

तुमचं काम केलं. ही सगळी वाचीव माहिती आहे हे आधीच सांगते.

व्हिएन्नाच्या कडेला द्राक्षमळ्यांतच बसायच्या जागा आहेत. नवी वाइन आली की दारावर पाइनची फांदी टांगतात, आपण तोरण लावतो तशी. फांदीकडे बघत आत गेलं तर पायरी चुकते. व्हेनिसमध्ये लोक उभ्याउभ्याच घेतात, ग्लास अगदी आचमनापुरता आणि सोबत पावाच्या तुकड्यावर काहीतरी माशाचं. पॅरिसमधल्या एका ठिकाणी मालक यादी देतच नाही. तुमच्याकडे बघून तुम्हाला काय झेपेल ते तोच ठरवतो, आणि त्याचं बघणं फार अपमानास्पद असतं. पोर्तोला नदीपलीकडे जुनी कोठारं आहेत. तिथली वाइन गोड, लहानपणच्या खोकल्याच्या औषधासारखी, असं म्हणतात. अँटवर्पला एक विटांचं तळघर आहे. तिथल्या खुर्च्यांवर अर्ध्या तासात पाठ धरते.

लायडनमध्ये उल्लेखनीय काही नाही. विद्यापीठाचं गाव, लोक अभ्यास करतात.

पुन्हा सांगते, माहिती वाचीव आहे.

माहितीत काही चुकलं असेल तर सुधारून घ्यावं, पण रागावून उत्तर लांबवू नये.

सुमेधाचा नमस्कार


नाशिक, १७ फेब्रुवारी २०२५

चि. सुमेधा हिस,
अनेक आशीर्वाद.

यादी पोचली. उत्तम आहे. एकच शंका. इंटरनेटला पाठ असते का? असल्याशिवाय ती अँटवर्पच्या खुर्चीत धरली कशी?

दुसरी शंका जरा मोठी आहे. तुझ्या आईच्या, सुहासिनीच्या, देवघरात निरांजनाखाली, तेलाच्या बुधलीखाली, उदबत्तीच्या घराखाली आणि समईखाली एकेक पुठ्ठ्याची गोल चकती असते. दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडून आल्यावर तिनेच ठेवल्या. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, सुमेधाबरोबर ग्रंथालयात जायचे ना, तिथल्या आहेत. तेल सांडत नाही. मी रोज त्यांना नमस्कार करत आलो. आता पूजा माझ्याकडे आल्यावर त्या पुसायला उचलल्या. एकीवर द्राक्षाचा घोस आहे. एकीवर अँटवर्पचा पत्ता. समईखालच्या चकतीत इतकं तेल मुरलंय की नाव वाचता येत नाही, नुसता एका पायावर उभा बगळा दिसतो.

तरी कृपया चौकशी करून कळव, की बगळ्याचं ग्रंथालय लायडनमध्ये कुठे आहे आणि तिथे कोणत्या प्रकारची पुस्तकं ठेवतात.

घाई नाही. पण उत्तर खरं हवं.

बाबा


लायडन, ९ मार्च २०२५

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र दहा दिवस डायरीत ठेवलं. रोज एक वाक्य लिहिलं आणि रोज त्यावर दुसरं वाक्य पांघरलं. आता पांघरुणं काढते.

बगळ्याचं ग्रंथालय कालव्याकाठी आहे आणि तिथे वाइन मिळते. तशा चकत्या तिथे ग्लासाखाली ठेवतात. अंबरीश आणि मी पंधरा वर्षं शनिवारी अर्धी बाटली उघडतो. तुम्ही येणार असलात की आठवडाभर आधी बाटल्यांचं खोकं शेजारच्या मार्यानच्या शेडमध्ये जातं, आणि तुमच्या मुक्कामभर तिची सायकल पावसात उभी राहते. तिला आम्ही धार्मिक कारण सांगितलं आहे. उंच देठाच्या ज्या ग्लासांतून तुम्हाला पन्हं दिलं, ते पन्ह्याचे नव्हते.

आईचं सांगायला जास्त वेळ लागला. मी तिला नेलं की तिने मला, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की दोन्ही उत्तरं खरी वाटतात. झालं ते असं. तुम्ही गुडघे घेऊन घरी होता. आम्ही बाजारात गेलो होतो आणि आईला बाथरूमला जायचं होतं. इथे तशी सोय सहज सापडत नाही. बगळ्याचं दार उघडं होतं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, चल. ती म्हणाली, असं कसं चल? कुणाचं फुकट वापरायचं नाही, हे तुझ्या बाबांनी चाळीस वर्षं शिकवलंय. ती बसली, आणि डच यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. मी थांबवू शकले असते. मला वाचता येत होतं.

अर्धा ग्लास घेतला तिने. म्हणाली, आंबट आहे, पण वाईट नाही. सोबत इथलं जिरं घातलेलं चीज होतं. त्याबद्दल म्हणाली, या लोकांना एवढी एक गोष्ट कळली. मग दर गुरुवारी गेलो. एकदा ट्रेनने अँटवर्पला. तुम्हाला सांग म्हटलं, तर म्हणाली, सांगेन गं, आधी त्यांची व्याख्यानं संपू देत. ती संपायच्या आत तीच गेली.

तुम्ही आता आला नाहीत तर मी समजून घेईन. पण आलात तर खोकं घरातच असेल. तेवढं एक नक्की केलं आहे.

माया कमी झाली असेल तर तसं कळवावं, अंदाज करायला लावू नये.

सुमेधा


नाशिक, २८ मार्च २०२५

चि. सुमेधा हिस,
अनेक आशीर्वाद.

चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. आमचा अंकही निघत नाही. चकत्या वाचल्या आणि सरळ विचारायचं धैर्य झालं नाही, म्हणून मी खोटं रचलं. मुलांना यासाठी मी बाकावर उभं करत असे.

खोक्याचं मला माहीत होतं. मागच्या खेपेला मार्यानबाई ते एक दिवस लवकर परत घेऊन आल्या. घरी मी एकटाच. त्या बरंच बोलल्या, मी ‘हो हो’ म्हणालो. त्या गेल्यावर आत पाहिलं आणि ते उचलून, गुडघ्यांसकट, पुन्हा त्यांच्या शेडमध्ये ठेवून आलो. तुम्ही माझ्यासाठी एवढी मेहनत घेत होता, ती वाया जाऊ द्यायला जिवावर आलं.

तुझं माहीत होतं. तिचं नव्हतं. माझी व्याख्यानं अडीचशे गावांनी ऐकली आणि माझ्या घरातलं माणूस माझ्याशी बोलायला ती संपण्याची वाट बघत राहिलं.

मी येतो आहे. मी घेणार नाही. पण ती बसायची त्या खुर्चीत बसेन. समईखालची चकतीही बदलायला झाली आहे.

माया मोजून कळवायची पद्धत आपल्याकडे नाही.

बाबा


लायडन, २ जून २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलात, बरं वाटलं. तुम्ही गेल्यापासून अथर्व बगळ्यातला प्रसंग सगळ्यांना डचमध्ये सांगतो आहे: आजोबा आजीच्या खुर्चीत ताठ बसले, नुसतं पाणी मागितलं, आणि पाण्याचे पैसे नाहीत म्हटल्यावर गडबडले. मग यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. चेहरा काढा घेतल्यासारखा केला आणि चीज मात्र कोणाला मिळू दिलं नाही.

ते तत्त्वासाठी केलंत की आईसाठी, हे मी डायरीत लिहून खोडलं. सांगू नका.

एक सुचवते. पंधरा तारखेला तुमचं व्याख्यान आहे. तिथे कोणाला काही माहीत नाही आणि कळायचं कारणही नाही. अर्ध्या ग्लासापायी तीस वर्षांचं नाव कशाला घालवायचं? आमच्याकडून ही गोष्ट बाहेर जाणार नाही. अथर्वची डच नाशिकला कळत नाही.

गुडघ्यांना जपा, आणि आमच्यावर लोभ असू द्या.

सुमेधा


नाशिक, १८ जून २०२५

चि. सुमेधा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी सूचना वाचली. लपवण्यात तू तरबेज झाली आहेस, आणि शिक्षक कोण हे मला माहीत आहे.

व्याख्यान झालं. शेवटी नेहमीप्रमाणे मागच्या रांगेतून एकाने विचारलं, सर, तुम्ही कधी चाखलीय का? तीस वर्षं मी या प्रश्नाला ‘नाही’ म्हणत आलो आणि लोक टाळ्या वाजवून उठत आले. या वेळी म्हणालो, अर्धा ग्लास, गेल्या महिन्यात, बायकोच्या खुर्चीत बसून. मग का, ते सांगितलं. चकत्यांसकट. टाळ्या पडल्या नाहीत. वासंतीबाई माझ्याकडे बघेनात. पण कोणी उठलं नाही. मागच्या रांगेतला तो माणूस शेवटपर्यंत थांबला. म्हणाला, घरी बायकोला सांगायचं राहिलंय, सुरुवात कशी करू?

मी एवढंच म्हटलं, आधी घरी जा.

बगळा समईखाली ठेवला आहे. नवा आहे, अजून तेल लागलेलं नाही, त्यामुळे नाव स्पष्ट वाचता येतं. येणारे-जाणारे वाचतात. वाचू देत.

जिऱ्याचं चीज कोणी येणार असेल तर धाडावं. आणि मार्यानबाईंना माझा नमस्कार सांगून म्हणावं, की आमचं धार्मिक कारण संपलं, सायकल आत घ्या.

बाबा