चौथा कोपरा

४ फेब्रुवारी

नामंजूर! मी चालत आले, खुर्चीवर आपली आपण बसले, म्हणून नामंजूर. अपंगत्वाच्या भत्त्याला लागतात तेवढे टक्के माझ्या पाठीत भरत नाहीत म्हणे. शाळेत गणितात भरायचे नाहीत, आता पाठीत भरत नाहीत.

वन्सं म्हणाल्या, "तुला टापटीप होऊन जायला सांगितलं होतं कुणी? केस विस्कटून जायचं, कण्हत जायचं!" ह्यांची ही थोरली बहीण शेजारच्याच खोलीत राहते आणि जगातल्या प्रत्येक कचेरीचं तिला कळतं. पुन्हा तपासणी मागता येते, हेही तिनेच शोधून काढलं. मागितली.

६ फेब्रुवारी

दुपारभर पडून. ऑपरेशन झाल्यापासून पाठीत पट्ट्या आहेत, स्क्रू आहेत. कुणीतरी माझ्या आत एक छोटं कपाट जोडून ठेवलंय असं वाटतं. गोळी घेतली की खोली हळूहळू सैल होते. पडद्यातून आलेलं ऊन भिंतीवर हलतं, मी बघत राहते.

मग चादरी येतात. पांढऱ्या, इस्त्रीतून नुकत्या निघालेल्या, कोमट. हॉटेलात खोल्या आवरायचे तेव्हाची माझी जोडीदारीण समोर उभी. दोन कोपरे तिच्या हातात, दोन माझ्या. जवळ यायचं, कोपरे जुळवायचे, मागे सरायचं. पुन्हा जवळ. चादर काही संपत नाही, आणि संपू नये असंच वाटतं. तिथे माझी कमर दुखत नाही.

जाग आली की डावा पाय आधी हाताने चाचपते. आहे! त्याच्या तळव्याला स्वतःला काही कळत नाही, म्हणून मलाच बघावं लागतं.

९ फेब्रुवारी

ह्यांच्या मित्राचा फोन. दूरच्या बंदरावर क्रेन चालवायला माणूस हवाय. दोन वर्षं. घरी येणं मधे एकदाच.

ह्यांच्या गोदामातल्या पगारात भाडं आणि माझी औषधं दोन्ही बसत नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. माझी हॉटेलातली जागा तर केव्हाच दुसरीला गेली. हे म्हणाले, "भत्ता मिळाला तर प्रश्नच नाही गं. नाही मिळाला तर मात्र जावं लागेल." मग जेवताना क्रेनच्या केबिनबद्दल सांगत बसले. चहूबाजूंनी काच, खाली जहाजं, पक्षीसुद्धा आपल्या खालून उडतात म्हणे! मला धीर यावा म्हणून सगळं.

मला हे इथे हवेत. बाकी काही नको. संध्याकाळी दाराशी चपला काढल्याचा आवाज हवा.

१२ फेब्रुवारी

ह्यांनी माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली. "नुसता वास जावा म्हणून," म्हणाले.

१५ फेब्रुवारी

दाढी करताना हे शीळ घालत होते! लग्नाआधी घालायचे, त्यानंतर आज ऐकली. माणूस किती लपवतो! आतलं दुःख मला कळू नये म्हणून गाणं! पण इतक्या वर्षांच्या बायकोला कळत नाही होय?

डोळे मिटले तर चादर पाण्यावर पसरलेली होती आणि मी तिच्यावर आडवी. कुठे चालले होते कोण जाणे. बरं वाटत होतं.

१८ फेब्रुवारी

लोकरी मोजे आणलेत. "वारा फार असतो म्हणे तिकडे. लागलेच तर." अजून तपासणी व्हायची आहे, अहो!

२१ फेब्रुवारी

घालवलं. मी माझ्या हातांनी घालवलं!

सकाळी वन्संनी पाठ घेतला. "विचारलं तर दुखतं म्हण. नाही विचारलं तरी दुखतं म्हण." केस विस्कटले, मग दारातून परत येऊन विंचरले. हे बाहेर बाकावर थांबले, मी आत.

डॉक्टर थकलेले, चष्मा कपाळावर सरकवलेला. पलंगावर झोपवलं. पाय उचलून पाहिला, तळव्याला टाचणी टोचली. टोचली हे त्यांच्या हाताकडे बघून कळलं. मग "झालं, उतरा" म्हणून ते हात धुवायला वळले.

मी उतरले. मागे वळून बघते तर चादर चुरगळलेली, एक कड खाली लोंबतेय. आणि माझे हात आपोआप तिकडे गेले! इतकी वर्षं पलंग घातले, उठलेल्या माणसाची चादर तशीच टाकून मी कधी खोलीबाहेर पडले नाही. जित्याची खोड! एक कोपरा ताणून गादीखाली दाबला, दुसरा, तिसरा. पाकिटासारखी घडी. पाठीला जणू पत्ताच नव्हता. मी स्वप्नातच होते. चौथ्या कोपऱ्याला वाकले आणि तिथेच राहिले.

"हे काय करताय?"

"चादर..."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"बरं. आता सरळ व्हा."

होता येईना. नाक गादीला टेकलेलं, मुठीत चादरीचा कोपरा. डॉक्टर नुसते बघत उभे. शेवटी त्यांनीच काखेत हात घालून उभं केलं. मग बसून बराच वेळ काही लिहीत होते. वाकते, असंच लिहिलं असणार. जिला वाकता येतं तिला कसला भत्ता?

चादर मात्र छान बसली होती.

बाहेर ह्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, नेहमीचंच."

२४ फेब्रुवारी

पाठ धरली आहे. गोळ्या, झोप, ऊन, झोप. चादरीच्या पलीकडच्या टोकाला आज जोडीदारीण नव्हती, हे होते. मागे सरत होते, सरतच होते. मी म्हणत होते, अहो, आता जवळ यायचं असतं!

२७ फेब्रुवारी

बॅग भरली. "आयत्या वेळी धावपळ नको."

२ मार्च

मंजूर! मंजूर! मंजूर!

कचेरीतून फोन आला. वन्संनी माझ्या हातातून तो ओढून घेऊन डॉक्टरांचा शेराच वाचून दाखवायला लावला, "वाकते, पण आपली आपण उठू शकत नाही." चौथा कोपरा पावला! मग मी सगळं सांगितलं. वन्सं हसता हसता रडल्या. जीव भांड्यात पडला. हे राहणार! ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "छान झालं गं," म्हणाले, आणि जरा फिरून येतो म्हणून बाहेर गेले.

३ मार्च

संध्याकाळी हे पलंगावर बॅग रिकामी करायला बसले. शीळ नव्हती. लोकरी मोजे हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. मी बघतेय हे लक्षात आल्यावर हसले, आणि त्या हसण्यात मला सगळं दिसलं. ती शीळ दुःख लपवायची नव्हतीच.

"सरका जरा," म्हटलं. शेजारी बसून एकेक शर्ट मांडीवर घेतला, कोपऱ्याला कोपरा जुळवून पुन्हा घडी केला आणि बॅगेत ठेवला. वर मोजे.

"अगं, हे काय करतेस?" म्हणाले.

पण माझा हात धरला नाही.