मंदाच्या नावाचा विमा

४ फेब्रुवारी, सोमवार

घराच्या कर्जाबरोबर घेतलेल्या विम्याची खरी किंमत आज काढली. हप्ता एकदाच भरायचा, शहाऐंशी हजार चारशे. पण मी तो खिशातून दिला कुठं? बँकेनं कर्जातच मिळवला. मागितले चौदा लाख, कागदावर चौदा लाख शहाऐंशी हजार चारशे. म्हणजे विम्यावर पंधरा वर्षं घराचं व्याज. महिन्याला आठशे शहात्तर. शेवटपर्यंत एक लाख सत्तावन्न हजार सातशे. एवढ्यात पाचशे फुटांचं बोर झालं असतं, केसिंगसकट. वर गल्लीला जेवण.

दोन वर्षं मी समजत होतो, वरचे पैसे स्टँप-रजिस्ट्रीचे. दुकानासमोर टँकर लावतो त्या रशीदभाईचा असलाच विमा सोडवायला त्याचे कागद चाळले, म्हणून आपलेही काढून बघितले. नाहीतर...

"विमा घेतल्याशिवाय साहेब फायलीवर सही करत नाहीत, शेठ." एजंटाचं वाक्य. तसंच्या तसं कानात आहे. असा नियम कुठंच नाही म्हणे.

६ फेब्रुवारी

क्रांती चौकात अर्धा तास अडकलो, मग बँक. तो एजंट नोकरी सोडून गेला. मॅनेजर नवीन, गोड बोलणारा. मी म्हणालो, विमा रद्द करा, पैसे परत करा, मला खोटं सांगून गळ्यात मारलाय.

"अर्ज द्या शेठ. पण कर्जदाराचा लागेल."

"मग मी कोण बसलोय?"

"तुम्ही सहकर्जदार. पहिलं नाव मंदाताईंचं. विमा त्यांच्या जिवाचा आहे."

खरंच की. बाईच्या नावानं व्याज जरा कमी बसतं, म्हणून मीच बायकोचं नाव पुढं घातलं. घरभरणीला पाहुण्यांना सांगत होतो, नाव तिचं, डोकं माझं.

"म्हणजे मी मेलो तर?"

"कर्ज चालू राहील."

"आणि ती गेली तर?"

"विमा कंपनी फेडेल. उरलेलं नॉमिनीला."

चहा पाजला त्यानं. गार होता.

७ फेब्रुवारी

मंदाला सांगितलं. टँकर यायची वेळ, ती दारात ड्रम ओळीनं लावत होती. ऐकून घेतलं, ड्रमाचं झाकण पुसलं.

"नका काढू."

"अगं, शहाऐंशी हजार! बोर होईल. हे ड्रम सुटतील."

"ड्रमाचं मी बघते. विमा ऱ्हाऊ द्या."

एवढंच. पुढचा ड्रम ओळीत सरकवला.

माझं दुकान पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं. चालू मोटारीला स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची. बेअरिंग गेलं, पाणी तुटलं की हवा ओढतेय, सगळं कळतं. वीस वर्षांत आवाजानं मला फसवलेली मोटार नाही. बाप मेंढरामागं हिंडला, त्याला अंधारात एका खाकरण्यावरून मेंढरू कळायचं. कान तिथूनच आले. मंदाच्या आवाजात आज काहीतरी घासत होतं. काय ते कळलं नाही. सही करील. दोन दिवस जाऊ द्यावेत.

१५ फेब्रुवारी

रशीदभाईचे पैसे जमा! एकतीस हजार. गाडीच्या कर्जात त्याला न विचारता दरवर्षीच्या हप्त्याची पॉलिसी घातली होती. अर्ज मी लिहिला, कंपनीला मी फोन केले, तीन महिने पिच्छा पुरवला. दुकानात नान-खलियाचा डबा घेऊन आला.

"मेरेकू तो लगा था डूब गए, किसनभाई. तू तो वकीलां का बाप निकला!"

वायंडिंग राहिलं बाजूला, दुपारी दोघं जण आपापले कर्जाचे कागद घेऊन आले. दोघांनाही सांगितलं, बघतो. छाती जरा फुगली, खोटं कशाला बोलू.

२० फेब्रुवारी

मंदा अजून "ऱ्हाऊ द्या"वरच. थांबायला वेळ नाही, उन्हाळा तोंडावर. स्वातीच्या (आमची लेक, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला) फोनवरून मंदाच्या नावानं बँकेला ईमेल केला. मजकूर माझा. "मी फारशी शिकलेली नाही. मला विम्यातले काही समजत नव्हते. कर्जासाठी सक्तीचा आहे असे सांगून माझ्याकडून..." वगैरे. झकास जमला. स्वाती पाठवताना म्हणाली, "आईला विचारलंय ना?" म्हणालो, विचारायचं काय, तिच्याच भल्याचं आहे.

१ मार्च

फुलंब्रीकडून एका दिवसात सहा मोटारी, सगळ्या कोरड्या चालून जळालेल्या. विहिरीत पाणी नाही, पण लोक बटण दाबून बघतातच. दुष्काळात माझं दुकान चालतं, हे कुणाला बोलून दाखवण्यासारखं नाही.

घरचं बोर सकाळी वीस मिनिटं, मग हवा. मागं तीस फ्लॅटची स्कीम उभी राहतेय, त्यांनी सातशे फूट मारलं. त्या दिवसापासून आमचं उतरलं. शहर इकडं सरकतंय, पाणी तिकडं. मोटारवाल्याच्या घरी टँकर! गिऱ्हाईक हसतं. मीही हसतो.

१६ मार्च

बँकेचं उत्तर आलं. "विमा देण्यापूर्वी कंपनीने ग्राहकाच्या मोबाईलवर फोन करून खात्री केली आहे. ग्राहकाने संमती दिली आहे. सबब विनंती मान्य करता येत नाही."

खोटं. शंभर टक्के दुसऱ्याच बाईचा आवाज घातला असणार. असं करतात, ऐकलंय मी. रशीदभाई म्हणाला, "भाभी कूच पूछ ले ना." म्हटलं, तिला काय विचारायचं? माझ्या घरात माझ्या कानावर न पडता फोन होत नाही. रेकॉर्डिंग मागवतो. मंदाचा आवाज मी हजारात ओळखीन. तिचा निघाला तर दुकानाची पाटी उतरवीन.

दुकानात चौघं होते. चौघांच्या देखत बोललो.

१८ मार्च

कंपनीला ईमेल. रेकॉर्डिंग द्या, नाहीतर पुण्याला विमा लोकपालाकडं जातो. "लोकपाल" लिहिलं की समोरचा खुर्चीत सरळ बसतो. रशीदभाईच्या वेळचा अनुभव.

३ एप्रिल

भडका. स्वातीनं आईला पहिला ईमेल वाचून दाखवला. पोरीच्या पोटात काही राहत नाही.

मी जेवायला बसलो होतो. मंदा समोर येऊन उभी.

"मी अडाणी हाय?"

"तसं लिहावं लागतं गं. अर्जाची भाषा असती."

"सातवी पास हाय मी. हिशेब तुमच्यापेक्षा बरा येतो. मला काय समजत नव्हतं म्हणून लिवलंत, ते मला इचारलं व्हतं?"

"अगं, त्यानं केस मजबूत होती."

"माझं नाव घालून काहीबी लिहायचं नाय. एकदाच सांगते."

ताट वाढलं, मीठ वाढलं नाही. मागायची हिंमत झाली नाही.

२२ एप्रिल

काही नाही. कंपनीचं उत्तर नाही. घरात कामापुरतं बोलणं. "टँकर आला." "गॅस संपला." दुकानात लोक विचारतात, शेठ, तुमच्या विम्याचं काय झालं? म्हणतो, चालू आहे. एका ठिकाणी बसवत नाही. एका मोटारीचं कनेक्शन उलटं दिलं. मी! गिऱ्हाइकाच्या आधी ध्यानात आलं म्हणून बरं.

९ मे

रेकॉर्डिंग आलं. स्वातीनं मोबाईलमध्ये घालून दिलं. घरी ऐकायला हवं होतं. पण पाटीची पैज चौघांच्या देखत, म्हणून दुकानात, स्पीकरवर. रशीदभाई स्टुलावर.

आधी कंपनीची मुलगी. छापील मराठी. मग...

मंदा. पहिल्याच "हॅलो"ला ओळखली. हजारात नाही, लाखात.

"मॅडम, हा विमा घेणे कर्जासाठी सक्तीचे नाही, याची आपल्याला कल्पना देण्यात आली आहे का?"

"नव्हती दिली. आता तुम्ही सांगितली. बरं झालं."

"मग आपण स्वेच्छेने घेत आहात?"

"व्हय. आधी मला सांगा, मी गेले तर घराचं कर्ज फिटतंय ना? सगळं?"

"हो मॅडम, नियमानुसार."

"आन् मग घरावर बँकेचा बोजा नाय?"

"नाही मॅडम. नॉमिनी म्हणून पतींचं नाव टाकू?"

"नाय. लेकीचं टाका. स्वाती."

पुढं जन्मतारीख, पत्ता, काही आजार आहे का, असलं. मागं पहिल्यापासून मोटारीची घरघर चालू, त्यात मधेच कुणी काहीतरी बोलतंय, या स्पीकरवर कळलं नाही. मग "धन्यवाद".

दुकानात कुणी हसलं नाही, हेच जास्त लागलं. रशीदभाईनं माझा मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला.

"तेरेकू धोका दिया रे एजंट ने, वो सच. भाभी कू किसी ने नै दिया. भाभी सौदा कर को ली."

पाटीचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

११ मे

विचारलं. टँकर अडीच तास उशिरा, दोघंही ओट्यावर ड्रमाशेजारी बसून. म्हटलं, रेकॉर्डिंग ऐकलं मी.

"मग? माझंच हाय."

"मला सांगायचं तरी."

"तुम्ही घरभरणीला सगळ्यांना सांगत व्हता, डोकं माझं. म्हणलं, ऱ्हाऊ द्या."

मग आपणच बोलायला लागली. माहेरची, गंगापूरची गोष्ट, लग्नाला चोवीस वर्षं झाली, कधी सांगितली नव्हती. आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची, धाकटी बहीण चार. वर्षाच्या आत बापानं दुसरी केली. आईच्या नावचं दोन खोल्यांचं घर होतं, त्यावर सोसायटीचं कर्ज. कर्ज फेडायचं म्हणून ते घर विकलं. उरलेल्या पैशात दुसरीला पाटल्या झाल्या. ह्या दोघी मामाकडं.

"मी काय दुसरी करणार हाय का?" मी हसत म्हणालो. चुकलं.

"माझा बापबी असंच म्हणला व्हता. आई अंथरुणावर असताना."

टँकरचा हॉर्न लांबून आला. उठली, पाइप हातात घेतला. मग पाठमोरीच म्हणाली,

"तुम्हाला पैसे पायजेतच तर कागद आणा. सही करते. पण खरं लिहा. एजंट तुमच्याशी खोटं बोलला, लिहा. मी समजून व्हय म्हणले, तेबी लिहा. मग जे मिळंल ते मिळंल."

तसं लिहिलं तर दमडी मिळणार नाही. तिला माहीत आहे. हिशेब तिचा बरा आहे.

१२ मे

दुकानात लक्ष नाही. समजा विमा ठेवला. महिन्याला आठशे शहात्तर, वर टँकर. समजा काढला. बोर मारलं, सातशे फुटांवर लागलंही. ती नळाखाली हंडा लावील आणि मी तिच्याकडं कुठल्या तोंडानं बघीन?

स्वातीनं विचारलं, "बाबा, आईला काही झालंय का? म्हणून घेतला का तिनं?" मला हे सुचलंच नव्हतं. मंदाला विचारलं. म्हणाली, "मी ठणठणीत हाय. ठणठणीत असतानाच देतात इमा. तुमच्या ध्यानात कसं येत नाय?" हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

तरी रात्रभर कान तिच्या श्वासाकडं.

१४ मे, मंगळवार

लोकपालाचा अर्ज टेबलावर. दोनदा लिहिला, एक माझ्या पद्धतीनं, एक तिनं सांगितला तसा. सही दोन्हींवर नाही. दोन्ही तिच्यासमोर ठेवले. म्हणाली, "तुम्ही ठरवा कुठला. मग मी ठरवते सही करायची का नाय." आणि भाजी निवडायला गेली. भाजी निवडून झाली. अर्ज अजून तसेच.

दुपारी स्वातीची कानात घालायची वायर मागून घेतली आणि रेकॉर्डिंग परत ऐकलं. मोटारीच्या घरघरीमागचं ते बोलणं काय, ते राहून गेलं होतं. चार वेळा मागं घेतलं. मोटार आमच्याच अंगणातली. गिऱ्हाइकाची, टेस्टिंगला लावलेली, बेअरिंग वाजतंय. कंपनीची मुलगी विचारते, "स्वेच्छेने घेत आहात?" त्याच्या जरा आधी एक माणूस लांबून ओरडतो, "कुणाचा फोन हाय गं?"

फोन जरा बाजूला धरून मंदा म्हणते, "बँकेचा."

"मग व्हय म्हण आन् ठेव. चहा टाक."

आवाज माझा आहे.